एकरी अर्धं पोतं युरिया, थेट ओढ्यात

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या रानात उभं राहिलात, तर पायाखाली मीटरभर खोलीवर सच्छिद्र पाइपांचं जाळं असण्याची शक्यता मोठी. इथला बराच भाग मुळात पाणथळ. पाइपांनी जादा पाणी चरात काढून दिलं, तेव्हा कुठे वेळेवर वापसा येऊ लागला. पण पाण्याबरोबर नत्रही निघून जातं, आणि ते किती जातं हे मोजण्याची विद्या भलतीच रंजक आहे.

नत्रच का निसटतं? चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. माती त्याला धरतच नाही. पाणी निघालं की तेही निघालं. स्फुरदाचं तसं नाही. ते मातीला चिकटून बसतं आणि बहुतेक वेळा गाळाबरोबर वरून वाहून जातं.

मोजायचं कसं? पाइपाच्या तोंडाशी एक पेटी बसवतात. तिच्या फळीला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असते. खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. ठरावीक पाणी वाहून गेलं, की शेजारचं यंत्र आपोआप बाटलीत नमुना भरतं. आता तर असे सेन्सर आहेत, की पाण्यातून अतिनील किरण सोडायचे. नायट्रेट ते शोषून घेतं आणि दर काही मिनिटांनी आकडा हातात येतो.

नुसतं प्रमाण कळून मात्र भागत नाही, त्याला प्रवाहाने गुणावं लागतं. समजा, लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा एवढीच आहे, म्हणजे हे पाणी कायद्याने पिण्याजोगं. वर्षभरात असं २५ सेंटिमीटर पाणी निचऱ्यातून गेलं, तर एकरी १० किलो नत्र गेलं. म्हणजे सुमारे २२ किलो युरिया, जवळजवळ अर्धं पोतं!

ही मर्यादा मुळात तान्ह्या बाळांसाठी. विहिरीतल्या नायट्रेटमुळे बाळं निळी पडतात, हे १९४५ साली आयोवातल्याच हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी दाखवून दिलं. राजधानी दे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढायचा खास प्रकल्प उभारावा लागला. तिने २०१५मध्ये नदीच्या वरच्या भागातल्या निचरा-व्यवस्थांवर दावा लावला. तो २०१७मध्ये फेटाळला गेला. २०२५च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं चढलं, की ते काढून सगळ्यांना पुरेल एवढं पाणी देणं झेपेना आणि लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली.

तिथून पाणी मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात जातं. खतावर शेवाळ माजतं, ते कुजताना प्राणवायू संपतो. २०१७च्या उन्हाळ्यात असा निष्प्राण पट्टा २२,७०० चौरस किलोमीटरचा होता, पुणे जिल्ह्याच्या जवळपास दीडपट.

सगळा दोष खताच्या पोत्याचा म्हणावा, तर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राकडे पाहा. तिथे १८७०मध्ये मातीचे ठोकळे जागच्या जागी विटांनी बंदिस्त करून खालून झिरपणारं पाणी गोळा करायला सुरुवात झाली. वर पीक नाही, खत नाही. तरी नायट्रेट दशकानुदशकं झिरपतच राहिलं. जमिनीतला सेंद्रिय माल कुजून ते तयार होत होतं आणि ते घ्यायला वर मुळंच नव्हती.

आयोवाची दुखती नस हीच. वसंतात पाऊस धो धो, मका अजून वीतभर. म्हणून शरद ऋतूत द्यायचं खत वसंतात दिलं, तर गळती सरासरी फक्त ६ टक्क्यांनी घटते. हिवाळ्यात रान उघडं न ठेवता राय नावाचं तृणधान्य पेरलं, तर ३१ टक्क्यांनी. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: पाइपाचं पाणी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या खड्ड्यातून सोडायचं. तिथले जिवाणू हवा मिळेनाशी झाली, की नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत परततं. घट सरासरी ४३ टक्के.

असेच पाइप आपल्या शिरोळ तालुक्यात क्षारपड रानं सुधारण्यासाठी उसाखाली घातले आहेत. तिथे निचऱ्याच्या पाण्यातल्या क्षारांबरोबर नत्रही नेमाने मोजलं जावं, असं मला मनापासून वाटतं. उसाला युरिया काही कमी पडत नाही.