प्रभातच्या फाटकाआड प्रेम आणि करार

पुण्याच्या प्रभात रस्त्याला जिने नाव दिले, त्या प्रभात फिल्म कंपनीचे दोन भागीदार कंपनी सोडून गेले. दोन्ही वेळा निमित्तात एक नायिका होती.

कंपनी १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आली. मालकांनी नट्यांशी नाते जोडू नये, असा त्यांच्यात संकेत होता असे सांगितले जाते. भागीदार केशवराव धायबर यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘चंद्रसेना’ (१९३५)मधल्या नलिनी तर्खड यांच्याशी लग्न केले आणि प्रभात सोडली. पुढे ‘शेजारी’ची (१९४१) नायिका जयश्री ही दुसरे भागीदार व्ही. शांताराम यांची पत्नी झाली. भागीदारांत इतर मतभेदही होतेच. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईत, परळला ‘राजकमल कलामंदिर’ काढले.

एका लग्नाने अख्खी कंपनी का हलावी? कारण बोलपटाने नायिकेचे मोल वाढवले होते. पार्श्वगायन हिंदी पडद्यावर आले ते १९३५ साली. तोवर नायिकेला स्वतःच गावे लागे. शिवाय प्रभातचे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदीत एकाच वेळी निघत. चेहरा, गळा आणि दोन्ही भाषा असलेली नटी सहज मिळत नसे. नटमंडळी महिना पगारावर असत. अशा ठिकाणी मालकाचा जीव एकीवर जडला, की भूमिकावाटपाबद्दल कुजबूज होणारच.

मुंबईतही वेगळे नव्हते. बॉम्बे टॉकीजमध्ये मालक हिमांशू राय यांची पत्नी देविका राणी नायक नजमुल हसनबरोबर कलकत्त्याला निघून गेली. कंपनीने तिला परत आणले. नजमुलला मात्र काम उरले नाही आणि ‘जीवन नैया’त (१९३६) कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा अशोक कुमार नायक झाला.

या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. ‘अमृतमंथन’मध्येच चमकलेल्या शांता आपटे यांचे भांडण मात्र कराराचे होते. १९३९ मध्ये त्या प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसल्या. १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्याचे व्यवहार मांडले.

प्रेमात पडलेल्या मालकांना नवी कंपनी काढता आली. पगारी नटीला फाटकाबाहेर बसावे लागले. त्या काळातल्या प्रेमाच्या भानगडी वाचताना करार कोणाच्या हातात होता, हे आधी पाहावे.