प्रतींची संख्या आणि पुस्तकाची किंमत

सारख्याच जाडीची आणि सारख्याच कागदावर छापलेली दोन पुस्तके दुकानात शेजारी शेजारी असतात. परंतु एकाची किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असते. ग्राहक प्रकाशकाच्या लोभाला दोष देऊन मोकळा होतो. पुष्कळदा मात्र खरे कारण एका साध्या भागाकारात असते.

पुस्तकाचा खर्च दोन प्रकारचा असतो. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि छपाईची पूर्वतयारी यांचा खर्च शंभर प्रती काढल्या काय किंवा दहा हजार काढल्या काय, तेवढाच येतो. कागद, शाई व बांधणी यांचा खर्च मात्र प्रतीगणिक वाढतो. समजा, पहिला खर्च ४०,००० रुपये आणि दुसरा दर प्रतीस १०० रुपये आहे. एकूण खर्चास प्रतींच्या संख्येने भागले की दर प्रतीचा सरासरी खर्च मिळतो. अशा रीतीने एका बहुपदीस दुसऱ्या बहुपदीने भागून जे सिद्ध होते, त्यास गणितात परिमेय फलन म्हणतात.

शंभर प्रती काढल्या तर प्रत ५०० रुपयांस पडते; पाचशे काढल्या तर १८० रुपयांस, हजार काढल्या तर १४०, दहा हजार काढल्या तर १०४ आणि वीस हजार काढल्या तर १०२ रुपयांस. आलेख काढला, तर वक्ररेषा आरंभी कड्यासारखी खाली उतरते आणि पुढे सपाट होत १०० च्या रेषेजवळ सरकत राहते. तिला स्पर्श मात्र कधीच करीत नाही. त्या रेषेस अनंतस्पर्शी रेषा असे नाव आहे.

यावरून, भरपूर छापले की स्वस्त पडते, असा निष्कर्ष काढणारा प्रकाशक फसतो. दोन हजार प्रतींस २,४०,००० रुपये लागतात. हिशेबात प्रत १२० रुपयांस पडते. परंतु त्यांतील पाचशेच खपल्या, तर खपलेल्या प्रत्येक प्रतीवर ४८० रुपयांचा भार येतो. छेदस्थानी छापलेल्या नव्हे, तर विकल्या गेलेल्या प्रती घ्यावयास हव्यात. प्रकाशनपूर्व नोंदणीचे महत्त्व यातच आहे.

मोजक्या खपाच्या कोशाचे किंवा काव्यसंग्रहाचे भवितव्य म्हणूनच पहिल्या काही शे ग्राहकांच्या हाती असते. वीस हजारांनंतरची एक प्रत सरासरी खर्च पैशाच्या शंभराव्या भागानेच उतरविते. परंतु शंभर जणांनी नोंदविलेल्या पुस्तकाची एकशे पहिली प्रत इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील एखाद्या मराठी वाचकाने मागविली, तर तोच खर्च सुमारे चार रुपयांनी कमी होतो, आणि तोही सर्वांसाठी.