एकट्याने चालावे थोडे

व्यायाम हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे तालमीतील लाल माती, जोर-बैठका आणि मल्लखांब उभे राहतात. महाराष्ट्राची परंपराही तशीच आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार केला. अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि लोणावळ्यास १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारून योगाभ्यासाला प्रयोगशाळेची जोड दिली. या थोर परंपरेत एका साध्या व्यायामाचे नाव मात्र मागे राहिले, कारण त्याला गुरू लागत नाही, आखाडा लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. तो व्यायाम म्हणजे चालणे.

चालण्यात कसला आला आहे व्यायाम, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बाजारात जातो, बसथांब्यापर्यंत जातो, घरात दिवसभर उभेच असतो, मग आणखी काय चालायचे? हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु कामासाठी पायपीट करणे आणि चालण्यासाठी चालणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात मन पुढच्या कामाकडे लागलेले असते. दुसऱ्यात शरीर आणि मन दोन्ही काही काळ मोकळी होतात. दिवसातील अर्धा तास एकट्याने, रिकाम्या हातांनी चालणे ही वरकरणी क्षुल्लक दिसणारी गोष्ट कुटुंबाच्या आरोग्याशी किती निगडित आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

यशवंतपूरची वाट

बंगळूर शहराच्या वायव्येस यशवंतपूर आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहरात हवा वर्षाचा बराचसा काळ सुखद असते. तरीही यशवंतपूर हे काही हवा खाण्याचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध नाही. येथे मोठे रेल्वे जंक्शन आहे, तुमकूर रस्त्यावरची अखंड रहदारी आहे आणि त्या रस्त्याच्या वरून २०१४ पासून मेट्रो धावते. येथील बाजारसमितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांद्याच्या मालमोटारी येतात. पहाटे त्या बाजूने गेल्यास हमालांच्या कानडी बोलण्यात मध्येच एखाद्या चालकाचा नगरी किंवा नाशिककडचा मराठी सूर कानी पडतो आणि परक्या गावी आपले कोणी भेटल्याचे समाधान वाटते.

या गजबजाटाच्या पलीकडेच दुसरे जग आहे. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे वृक्षाच्छादित आवार येथून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला १९३३ मध्ये या संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरास आलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव दिलेले आहे. आणखी थोडे पुढे, मल्लेश्वरम आणि सदाशिवनगर यांच्या मध्ये, कर्नल रिचर्ड सँकी यांनी १८८२ मध्ये बांधविलेला तलाव आहे. मत्तीकेरेच्या बाजूस जयप्रकाश नारायण यांच्या नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. सकाळी या ठिकाणी चालणाऱ्यांची रांगच लागते. कानटोपी घातलेले वृद्ध, साडीवर कापडी बूट चढविलेल्या गृहिणी आणि रात्रपाळी आटोपून आलेले तरुण हे सारे एकाच वाटेने, परंतु आपापल्या गतीने चालत असतात. कोणी कोणाशी स्पर्धा करीत नाही. हेच या व्यायामाचे सौंदर्य होय.

शरीरात काय घडते?

आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात. त्या दाबाने पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. म्हणूनच दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय जड होतात आणि चार फेऱ्या मारताच हलके वाटतात. काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात. आपल्याकडील शतपावलीची चाल किती शहाणपणाची होती हे यावरून ध्यानी येईल. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखर एकदम वाढत नाही, असे आधुनिक प्रयोगांतही आढळून आले आहे.

हृदयाच्या बाबतीत एक जुना अभ्यास उद्बोधक आहे. लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेतन देणारी संस्था एक, गाडी एक. परंतु चालक दिवसभर बसून असे, तर तिकिटे देणारा वाहक सतत जिने चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. मुंबईच्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना या वाहकाची धावपळ सहज डोळ्यांपुढे आणता येईल.

मग किती चालावे? दहा हजार पावलांचा आकडा आज सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम मात्र वैद्यकशास्त्रात नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले आणि त्याच्या नावातच हा आकडा होता. तेथून तो जगभर पसरला. अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून २०२२ मध्ये असे दिसून आले की, साठीपुढील व्यक्तींना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत लाभ वाढत जातो आणि पुढे तो जवळपास स्थिर होतो. तरुणांत ही मर्यादा आठ ते दहा हजारांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचविलेले प्रमाण अधिक सुटसुटीत आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालले की हा हिशेब पुरा होतो. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग असला म्हणजे श्रम मध्यम आहेत असे समजावे.

या उपदेशाची निकड कशी आहे, हे दोन आकड्यांवरून कळेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटींवर गेले आहेत. आणि २०२२ च्या स्थितीबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे.

गृहिणीचा अर्धा तास

या दुसऱ्या आकड्याने पुष्कळ घरांतून आश्चर्य व्यक्त होईल. पहाटे उठणारी आणि सर्वांच्या मागून निजणारी गृहिणी हालचाल करीत नाही, हे कसे? परंतु थोडा विचार करावा. आजी विहिरीवरून पाणी आणीत असे, जात्यावर दळीत असे, पाट्यावर वाटीत असे. ती कष्टाची कामे यंत्रांनी हलकी केली, हे इष्टच झाले. मात्र कामांची संख्या काही घटली नाही. ओट्यापाशी तासन् तास उभे राहण्याचा थकवा उरला आणि शरीराला बळ देणारी हालचाल तेवढी गेली. शिवाय घरकामाचा एकही क्षण तिचा स्वतःचा नसतो. हातात झारा असताना कान दाराच्या घंटीकडे आणि डोळा घड्याळाकडे असतो.

म्हणून गृहिणीच्या चालण्याचा विचार केवळ व्यायामाचा नाही, तो वेळेच्या वाटणीचाही आहे. सकाळचा चहा पतीने करावा, मुलांनी आपले डबे आपण भरावेत, आजोबांनी दुधाच्या पिशव्या आत घ्याव्यात, म्हणजे हा अर्धा तास निघतो. तो मागून घेण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, घराने तो आपण होऊन द्यावा. आईचा रक्तदाब वाढल्यावर औषधाच्या वेळा सांभाळण्यापेक्षा आज तिची चालण्याची वेळ सांभाळणे कुटुंबाला पुष्कळ सोपे आहे.

एकांत आणि एकाकीपण

सोबत असली की चालणे नियमित होते, हे खरेच आहे. आपल्या वारकऱ्यांनी सामुदायिक चालण्याला भक्तीचे रूप दिले. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट लाखो लोक दिंडीच्या आधाराने चालतात. यशवंतपूरच्या स्थानकावरूनही पंढरपूरची साप्ताहिक गाडी धावलेली आहे. तरी एकट्याने चालण्याचे काही गुण सोबतीत मिळत नाहीत. सोबत्याची गती सांभाळावी लागत नाही, आणि बोलता बोलता ऑफिसातील गाऱ्हाणी किंवा नातेवाइकांची उणीदुणी चालण्यात शिरत नाहीत. दिवसभर आपण कोणाचे तरी आई, बाप, सासू, साहेब किंवा कारकून असतो. एकट्याच्या वाटेवर ही सारी नाती काही क्षण खांद्यावरून उतरतात.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा आहे. मेजावर तासभर अडून बसलेला एखादा शब्द रस्त्याने चालताना अचानक समोर येऊन उभा राहतो, हा अनुभव नित्याचा आहे. पुढे असे वाचनात आले की, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हेच प्रयोगाने दाखविले. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना अधिक सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही सुचल्या. म्हणजे यात वनश्रीपेक्षा पावलांचेच श्रेय अधिक दिसते.

मात्र एकांत आणि एकाकीपण यांतील भेद विसरता कामा नये. मुलाच्या किंवा मुलीच्या नोकरीमुळे सातारा, सोलापूर, बेळगाव सोडून बंगळुरास आलेले कितीतरी वृद्ध येथे आहेत. घरात सारे सुख असते; पण ओटा नाही, पार नाही आणि शेजारणीची भाषा समजत नाही. नातवंडे शाळेत गेली की घड्याळाचा काटा सरत नाही. अशा वृद्धांना घराबाहेर काढणारे चालणे हे औषधाहून मोलाचे ठरते. रोज त्याच वेळी त्याच वाटेने गेले की फुलवालीचे हास्य ओळखीचे होते, नारळवाला हात वर करतो, बाकावर बसणारे आजोबा सरकून जागा देतात. ‘चेन्नागिद्दीरा?’ म्हणजे ‘बरे आहात ना?’ एवढा एक कानडी प्रश्न शिकला तरी परके गाव थोडे आपले होते. घरातून एकट्याने निघालेला मनुष्य अशा रीतीने पुन्हा माणसांतच येऊन पोहोचतो.

दोन शतायुषी

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना जोडणारी दोन नावे येथे सहज आठवतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, मुंबई इलाख्यात अभियंता झाले आणि १९०३ मध्ये खडकवासल्यास त्यांनी योजिलेली स्वयंचलित दारे बसली. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. मोजका आहार आणि नियमित चालणे ही त्यांची ख्याती होती. दुसरे महर्षी धोंडो केशव कर्वे. परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल डोंगरवाटेने चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातील शिकविणे सांभाळून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत काही मैलांची वाट ते पावसाळ्यात चिखल तुडवीत जात. विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये आणि कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न हा सन्मान मिळाला. दोघांनीही शंभरी गाठली आणि दोघेही १९६२ मध्ये निवर्तले.

केवळ चालल्याने शतायुष्य लाभते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु या दोघांनी चालणे हा आयुष्याचा स्वतंत्र सोहळा मानला नाही, दिनक्रमाचा भाग मानला. नियम टिकतो तो असा.

वाट कोणाची?

चाला असे सांगणे सोपे; पण चालावे कोठून? पादचारी मार्गाची फरशी कोठे उखडलेली, कोठे त्यावर दुचाकी उभ्या, कोठे विजेची पेटी मध्येच. यशवंतपुरासारख्या रहदारीच्या भागात वृद्धांना रस्ता ओलांडणे हीच एक परीक्षा असते. निवासी भागात पादचारी मार्ग किमान १.८ मीटर रुंद आणि मोकळा असावा, असे भारतीय रस्ते परिषदेचे मार्गदर्शन आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा मोकळ्या आणि अपंगांनाही सुलभ अशा पदपथाचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात मोडतो, असे स्पष्ट केले. नगरपालिकेला अर्ज करणे हे नागरिकाचे काम आहेच. परंतु आपली स्वतःची दुचाकी पदपथावर न लावणे, हा त्या कामाचा आरंभ होय.

आरंभ कसा करावा?

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. मग दर आठवड्यास पाच-पाच मिनिटे वाढवावीत. बूट सैलही नसावेत आणि आवळही नसावेत. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे असा त्रास होत असल्यास आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाच्या रुग्णांनी घरी परतल्यावर तळपाय रोज पाहावेत आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. एकट्याने निघताना घरी वाट आणि वेळ सांगून जावे, उजेडाचा व वर्दळीचा रस्ता निवडावा. दूरध्वनी जवळ असावा, कानाला मात्र नसावा. पावसाने खाडा पडला तर खंत करू नये. दुसऱ्या दिवशी निघावे म्हणजे झाले.

या अर्ध्या तासाने संसारातील प्रश्न सुटत नाहीत. पगार वाढत नाही की मुलांचे गुण वाढत नाहीत. परंतु त्या प्रश्नांना सामोरे जाणारे शरीर थोडे सशक्त आणि मन थोडे शांत होते. घरातील प्रत्येकाला असा अर्धा तास मिळावा आणि तो मागावा न लागता मिळावा, एवढी व्यवस्था प्रत्येक कुटुंबाने केली, तर तिचा लाभ साऱ्या घराला होईल.