जुन्या मोटारगाडीच्या चाकातील बेअरिंग : झीज, परीक्षा व बदल

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारगाडीचा जन्म आणि तिचा शेवट ही दोन्ही टोके एकमेकांपासून फार दूर नाहीत. १९६० च्या दशकात स्वीडनच्या एसकेएफ कंपनीशी निगडित असलेला बेअरिंगचा कारखाना चिंचवड येथे उभा राहिला. त्याच दशकात टेल्कोने, म्हणजे पुढील काळातील टाटा मोटर्सने, पिंपरी परिसरात आपले बस्तान बसविण्यास आरंभ केला. त्याला लागून असलेल्या चिखली गावाची कुदळवाडी मात्र भंगार व जुन्या मालाच्या व्यवसायासाठी ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत गाळे व गोदामे फार मोठ्या प्रमाणावर हटविली. गोदामे हटली, तरी त्या व्यवहारामागील प्रश्न हटला नाही. जुनी गाडी राखून असलेल्या माणसास नवा भाग परवडत नाही, तेव्हा दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग बसवावा की नाही, हा तो प्रश्न होय. चाकाच्या बेअरिंगच्या संदर्भात त्याचे उत्तर काय येते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

बेअरिंगला मराठी परिभाषेत ‘धारवा’ असा शब्द आहे. तथापि कार्यशाळेत रूढ असलेला ‘बेअरिंग’ हाच शब्द येथे योजिला आहे. चाकाचे बेअरिंग दोन प्रकारचे भार सोसते. गाडीचे वजन उभ्या दिशेने येते. वळणावर मात्र आसाच्या दिशेने आडवा रेटा येतो. हे दोन्ही भार एकत्र पेलण्यासाठी जुन्या जीप-वर्गाच्या गाड्यांत निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे समोरासमोर बसविलेली असतात. या रचनेचे एकस्व हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळाले. पुढील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत बहुधा दाबून बसविलेले गोळ्यांचे बेअरिंग आढळते. पहिल्या प्रकारात ढिलाई कारागिराने जुळवावयाची असते. दुसऱ्यात ती बेअरिंगच्या घडणीत आणि आसाच्या नटाच्या ताणात ठरलेली असते.

आता आयुष्याचा विचार करू. गोळी व तिचा मार्ग यांचा स्पर्श अत्यंत लहान क्षेत्रावर होतो, आणि तेथील दाब प्रचंड असतो. हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या स्पर्शसिद्धान्तानुसार कर्तन-प्रतिबलाचे महत्तम मूल्य पृष्ठभागावर नसून त्याच्या किंचित खाली असते. म्हणून निर्मळ वंगणात चालणाऱ्या बेअरिंगमध्ये थकव्याची भेग आत जन्म पावते, वर येते, आणि मग पोलादाचा पापुद्रा सुटतो. लुंडबर्ग व पाल्मग्रेन यांनी १९४७ साली या प्रक्रियेस वाइबुल यांच्या संख्याशास्त्राची जोड दिली. त्यांच्या सूत्रानुसार भारक्षमता ‘क’ आणि प्रत्यक्ष भार ‘भ’ असल्यास, शंभरांपैकी नव्वद बेअरिंगे जितके दशलक्ष फेरे पुरे करतील ती संख्या (क/भ) या गुणोत्तराच्या घनाइतकी असते. रुळांच्या बेअरिंगसाठी घनाऐवजी १०/३ हा घात घेतात. भार दुप्पट झाला की गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य एक-अष्टमांश होते. भार केवळ एक-पंचमांशाने वाढला तरी ते सुमारे ५८ टक्क्यांवर येते. सुमारे ५५ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरात ५८० च्या आसपास फेरे घेते; एक लाख किलोमीटरांत ते ५.८ कोटी होतात.

याच सिद्धान्तातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. गोळ्यांच्या बेअरिंगसाठी वाइबुल-वक्राचा घातांक लुंडबर्ग व पाल्मग्रेन यांनी १०/९ धरला, म्हणजे १ पेक्षा किंचित अधिक. त्याचा अर्थ असा की, वय दुप्पट झाले तरी थकव्याने निकामी होण्याचा तात्कालिक धोका सुमारे ८ टक्क्यांनीच वाढतो. केवळ थकव्याचाच विचार केला, तर वापरलेले पण शाबूत बेअरिंग नव्यापेक्षा फारसे वाईट ठरत नाही. भंगारातून उत्तम भाग निवडणाऱ्या कारागिराच्या अनुभवास अशा रीतीने शास्त्राचा काही आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु या युक्तिवादात ‘शाबूत’ हा शब्द फार मोठा आहे. सूत्राने निर्मळ वंगण, योग्य बसवणी आणि अखंड पृष्ठभाग गृहीत धरले आहेत. चाकातील बेअरिंग मात्र पावसाळ्यात पाण्यातून जाते, उन्हाळ्यात धुळीतून फिरते. सील निकामी झाले की पाणी व खडी आत शिरते. कठीण कण गोळीखाली चेपून मार्गावर खळगे पाडतो, आणि तेव्हा भेग आतून नव्हे तर पृष्ठभागावरून सुरू होते. याहूनही महत्त्वाची गोष्ट बेअरिंग काढण्याच्या क्रियेत आहे. दाबून बसविलेले बेअरिंग हबमधून उपटताना बल बहुधा एका कड्यापासून दुसऱ्या कड्याकडे गोळ्यांमधूनच जाते. त्या क्षणी मार्गावर उमटलेले सूक्ष्म ठसे डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणजे वापरलेले बेअरिंग त्याज्य ठरते ते त्याच्या वयामुळे नव्हे, तर ते बाहेर काढले गेले यामुळे. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगची गोष्ट काहीशी वेगळी आहे. ते बलप्रयोगावाचून सुटते. धुऊन, तपासून, जोडी न मोडता त्याच जागी पुन्हा बसविता येते. मात्र एका संचातील कोन व दुसऱ्या संचातील कप यांची सांगड घालणे सर्वथा वर्ज्य समजावे.

झिजलेले बेअरिंग ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. त्याचा घुमणारा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, एंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नव्हे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो; त्या वेळी आवाज वाढल्यास उजव्या बाजूचा संशय घ्यावा. गाडी उचलून भक्कम घोडीवर टेकवावी; केवळ जॅकवर कधीही विसंबू नये. चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलाई आढळल्यास साहाय्यकास ब्रेक दाबावयास सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, कायम राहिली तर तो सांध्यांचा असण्याचा संभव अधिक.

बदलण्याच्या क्रियेत नियम एकच, आणि तो वरील विवेचनातून आपोआप निघतो : जे कडे घट्ट बसवावयाचे, त्याच कड्यावर बल लावावे. बाहेरील कडे हबमध्ये दाबताना आतील कड्यास धक्का लागता कामा नये. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती हवेने उडवू नये. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगमध्ये रुळांच्या फटींत ग्रीस नीट भरावे, परंतु हब ठासून भरू नये. अतिरिक्त ग्रीस घुसळून उष्णता निर्माण करते. चाक फिरवीत नट आवळून रूळ बसते करावेत, मग नट सैल करून हलकेच पुन्हा आणावा, जेणेकरून मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी ढिलाई राहील. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. कॉटर पिन व सील नेहमी नवी घालावीत. दाबून बसविलेल्या प्रकारात सर्कलिप खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री करावी आणि आसाचा नट टॉर्क पान्यानेच ठरलेल्या मापास आवळावा. तो आवळण्यापूर्वी गाडीचा भार चाकावर येऊ देऊ नये.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. काटकसर करावयाची असेल तर ती निमुळत्या रुळांच्या बेअरिंगची वेळेवर सफाई करण्यात, सील लवकर बदलण्यात आणि जास्त भार टाळण्यात करावी. दाबून काढलेले बेअरिंग पुन्हा बसविण्यात करू नये. बेअरिंग अचानक आवळले गेले किंवा हब आसावरून सुटला, तर त्याची किंमत गाडीत बसलेल्यांना मोजावी लागते. अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लुंडबर्ग-पाल्मग्रेन सूत्रात कारागिराच्या हातासाठी चिन्ह नाही. हे सूत्र खरे ठरते की नाही, हे मात्र पुष्कळदा तोच हात ठरवितो. चिखली-कुदळवाडीसारख्या वस्त्यांत साठलेले हे हस्तज्ञान कारखान्यांच्या इतक्या जवळ असूनही आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. गाळे उठले की ते विखुरते. त्याची नोंद करणे हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साधण्याजोगे आणि निकडीचे काम आहे.