दहा बोटं, एक चोरी आणि पुष्कळ शंका

समजा, तुमची मावशी जयपूरच्या जगतपुऱ्यात राहते. विमानतळापासून जवळचा भाग. पूर्वी साधं गाव होतं, आता उंच सोसायट्या, कॉलेजं आणि नेमबाजीची मोठी रेंज आहे. दिवाळीत मावशीच्या घरचे सगळे गावाला गेले. परत येऊन बघतात तर खिडकीचे गज वाकलेले आणि मावसभावाचा लॅपटॉप गायब! (गोष्ट बनवलेली आहे हं. पण पुढचे नियम एकूण एक खरे.)

मावशी 112 नंबर फिरवेल किंवा रामनगरिया ठाणं गाठेल. घाबरून ती भलत्याच ठाण्यात शिरली, तरी बिघडत नाही. ‘ही आमची हद्द नाही, तिकडे जा’ असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तक्रार तिथेच लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे रवाना करायची. याला झीरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मावशीला फुकट मिळते. 1 जुलै 2024 पासून देशभर लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे.

राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि ज्या गुन्ह्याला सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, तिथे न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञांनी जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा, असं हा नवा कायदा सांगतो. म्हणजे आता आपली गोष्ट खिडकीच्या काचेवरच्या बोटांच्या ठशांपाशी आली. खरी गंमत इथे आहे.

जरा तुमची बोटं बघा. आजी कधी हात धरून ‘हा शंख, हे चक्र’ असं मोजते ना? तीच ती नक्षी. ज्या बोटावर रेघा गोल गोल फिरतात ते चक्र. ज्यावर एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूला परत जातात तो शंख. बहुतेकांच्या बोटांवर हाच जास्त दिसतो. तिसरा प्रकार कमानीसारखा, तो विरळा. या रेघा आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांचे ठसेही वेगळे असतात. रेघांवर घामाची बारीक छिद्रं असतात, म्हणून काचेला हात लावला की नक्षी तिथे उमटते. तज्ज्ञ त्यावर भुकटी फिरवतात आणि ती दिसू लागते.

ठसा सापडला, पण तो जुळवायचा कशाशी? आज हे काम संगणक करतो. 2022 पासून देशभरच्या पोलिसांसाठी ‘नाफिस’ नावाची ठशांची एकच मोठी नोंदवही आहे. पण 1897 साली, कोलकात्यात जगातला पहिला अंगुलीमुद्रा विभाग सुरू झाला तेव्हा कुठला संगणक? हजारो कार्डांमधून नेमकं कार्ड काढायचं कसं? हे कोडं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी सोडवलं. हक गणितात पक्के. त्यांनी विचार केला: प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा. चक्र आहे की नाही? दोनच उत्तरं. बोटं दहा. आता तुम्ही 2 ला 2 ने असं गुणत गुणत दहा वेळा 2 घ्या. किती आले? 1024! तेवढे कप्पे केले की हजारो कार्डांतलं हवं ते कार्ड शोधायला एकच कप्पा उघडायचा. संगणक ज्या ‘हो-नाही’च्या भाषेत मोजतो, तीच ही युक्ती. या पद्धतीला मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं नाव मिळालं, एडवर्ड हेन्रीचं. मला हे अजून खटकतं.

त्याच सुमाराला जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पैसे चोरीला गेले. तिथे एका बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते. त्यातला एक ठसा कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. त्याला आधी चोरीबद्दल शिक्षा झालेली असल्यामुळे त्याचं कार्ड कोलकात्यात होतं. मग खुनाची शिक्षा झाली? नाही! न्यायालयाने त्याला फक्त चोरीसाठी दोषी धरलं. ठसा एवढंच सांगत होता की त्याचा हात त्या पंचांगाला लागला. खून त्यानेच केला, हे ठसा सांगत नव्हता.

ही शंकेखोर वृत्तीच सगळ्या फौजदारी न्यायाचा गाभा आहे. इथे कुणाच्याच नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. पोलिसांच्याही नाही!

बघा ना. मावसभावाचा लॅपटॉप एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडला. पोलिसांनी झडतीचं चित्रीकरण करायचं. साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागद करायचा. आपण त्याला पंचनामा म्हणतो, राजस्थानात ‘फर्द’. मग वस्तू कापडात बांधून लाखेचं सील ठोकायचं. लाख म्हणजे झाडावरच्या इवल्याशा किड्यांनी सोडलेला चीक. जयपूरच्या मणिहारोंका रास्ता या गल्लीत याच लाखेच्या बांगड्या मिळतात. सील तुटलं की लगेच कळतं, म्हणून ते. आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या फाइलला लाख कशी लावणार? तिचा ‘हॅश’ काढतात. गणिती सूत्रातून निघणारी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. चित्रीकरणात जरा जरी बदल केला, तर ओळ पार वेगळी येते आणि लबाडी उघडी पडते.

आता संशयित पकडला. सिनेमातला इन्स्पेक्टर त्याच्या दोन मुस्कटात देतो, तो घडाघडा कबूल करतो, आणि पिक्चर संपतो. खऱ्या न्यायालयात असला पिक्चर तिथेच आपटतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं, 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. का? मार चुकवायला माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो, हे दीडशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. हां, त्याने चार्जर कुठे लपवला ते सांगितलं आणि तो खरंच तिथे सापडला, तर बोलण्याचा तेवढाच भाग चालतो.

पकडल्यापासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हे तर थेट राज्यघटनेतच आहे. अशा चोरीत 60 दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. खटला चालवतो सरकारी वकील, पोलिस नाही. आरोपीकडे वकिलाला द्यायला पैसे नसतील तर वकील सरकार देतं. चोरालासुद्धा? अहो, तो चोर आहे की नाही हेच तर अजून ठरायचंय! ठरवणार न्यायाधीश. तो निकाल पटला नाही तर आधी सत्र न्यायालय, त्याच्या वर जयपुरातच उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, त्याच्यावर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. लॅपटॉपला मात्र तोवर थांबावं लागत नाही. त्याचे फोटो, चित्रीकरण झालं की न्यायालय तो परत देऊ शकतं.

आणि समजा, वाकलेल्या गजांपाशी कुणाला तरी तुम्हीच पाहिलं असेल तर? तुमचं वय 15 च्या आत असेल, तर साक्षीसाठी पोलिस तुम्हाला ठाण्यात बोलावू शकत नाहीत. त्यांनीच तुमच्या घरी यायचं.

पकडलेला चोरच 16 वर्षांचा निघाला तर सगळं निराळं. त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, त्याच्याशी बोलणारे पोलिस साध्या कपड्यांत हवेत. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. त्यांनी उंच चौथऱ्यावर बसायचं नाही आणि मुलापुढे कठडा ठेवायचा नाही, असंही नियमांतच लिहिलेलं आहे.