प्रोग्रॅमिंग भाषांचे प्रावीण्य

प्रोग्रॅमिंग भाषांचे प्रावीण्य म्हणजे संगणकाला सूचना देण्यासाठी तयार केलेल्या कृत्रिम भाषांपैकी एखादी व्यक्ती कोणत्या भाषा जाणते आणि त्या किती जाणते, याचे मोजमाप होय. अशा भाषेत लिहिलेल्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. भाषांची नावे सांगणे सोपे असते. त्यांतील गती ठरवणे मात्र कठीण असते. नैसर्गिक भाषांसाठी युरोपीय चौकटीतील सहा पातळ्या अनेक देशांत वापरल्या जातात. प्रोग्रॅमिंग भाषांसाठी तशी सर्वमान्य मोजपट्टी नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतात बांधलेला संगणक इ.स. १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच संस्थेत इ.स. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि फोरट्रानसारख्या उच्चस्तरीय भाषेचा वापर वाढला. त्या काळी ही विद्या मोजक्या संशोधकांपुरतीच मर्यादित होती.

इ.स. १९८४ मध्ये केंद्र शासनाने निवडक शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक पुरवले गेले व बेसिक भाषेची ओळख करून दिली गेली. पुढे सी भाषेचा प्रसार झाला. नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक देशभरातील विद्यार्थ्यांनी वापरले. महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात संगणकशास्त्र विषयात सी++ आणि ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या आज्ञा शिकवल्या जात, तर माहिती तंत्रज्ञान विषयात जावास्क्रिप्ट व पीएचपी यांचा समावेश झाला.

इ.स. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोचला. तो संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. पत्र टंकित करणे किंवा तक्ता तयार करणे हे संगणक वापरण्याचे कौशल्य होय. आज्ञावली रचणे हे त्याहून वेगळे कौशल्य आहे. या दोहोंची गल्लत अनेकदा होते.

प्रावीण्याच्या पायऱ्या

स्टुअर्ट व ह्यूबर्ट ड्रायफस या बंधूंनी कौशल्यप्राप्तीच्या पाच अवस्था मांडल्या: नवशिका, प्रगत नवशिका, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. ही मांडणी कोणत्याही कौशल्याला लागू करता येते.

उदाहरणार्थ, चाळीस विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढायची आहे. नवशिका पुस्तकातील आज्ञावली जशीच्या तशी उतरवून चालवतो. पुढच्या पायरीवरचा विद्यार्थी आवर्तनाचा उपयोग करून ती स्वतः लिहितो. सक्षम व्यक्ती गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण न धरता त्याला गणनेतून वगळते. निपुण व्यक्ती सर्वच विद्यार्थी गैरहजर असतील तर शून्याने भागण्याचा प्रसंग येईल, हे आधीच ओळखते. तज्ज्ञ दुसऱ्याने लिहिलेल्या मोठ्या आज्ञावलीतील असा दोष शोधतो आणि तो का घडला हे समजावून सांगतो.

दोन भाषा जाणणाऱ्यास त्यांतील भेदही ठाऊक असावा लागतो. सात भागिले दोन ही पूर्णांकांची क्रिया सी भाषेत तीन हे उत्तर देते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत तेच उत्तर साडेतीन येते. हा भेद न जाणणाऱ्याची सरासरी चुकते आणि संगणक चूक दाखवतही नाही.

ज्ञान जुनेही होते. टर्बो सी++ वर शिकलेल्या विद्यार्थ्याची पाठ झालेली पहिली ओळ आजचे अनेक संकलक नाकारतात, कारण इ.स. १९९८ मध्ये सी++ चे प्रमाणीकरण झाले, तेव्हा शीर्षसंचिकांची नावे बदलली.

मोजमापाच्या पद्धती

भारतीय जनगणनेत मातृभाषेखेरीज अवगत असलेल्या दोन भाषा विचारल्या जातात. प्रोग्रॅमिंग भाषा विचारल्या जात नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ४.४.१ या निर्देशकात आज्ञावली लिहिण्याच्या कौशल्याचा समावेश आहे. त्यातून व्यक्तीने आज्ञावली लिहिली की नाही हे कळते. तिची प्रत कळत नाही. टिओबे निर्देशांक शोधयंत्रांवरील उल्लेखांवरून भाषांची लोकप्रियता ठरवतो. स्टॅक ओव्हरफ्लोचे वार्षिक सर्वेक्षण उत्तरदात्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून असते. त्यामुळे लोकप्रियता आणि प्रावीण्य या भिन्न गोष्टी मानाव्या लागतात.

मराठी माध्यम आणि प्रोग्रॅमिंग भाषा

जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या ग्रामीण तालुक्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजी ही पहिली अडचण वाटते. तथापि, सी भाषेच्या इ.स. १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२ होते. ते काही दिवसांत पाठ होतात. खरी अडचण इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील स्पष्टीकरणे आणि संगणकाचे दोषसंदेश समजण्याची असते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना देवनागरी नावे देता येतात; 'सरासरी = बेरीज / संख्या' ही ओळ तेथे वैध आहे. राखीव शब्द मात्र इंग्रजीतच राहतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रपाठ उपलब्ध केले आहेत.

सामान्य गैरसमज

एचटीएमएल ही चिन्हांकन भाषा आहे; तिने पृष्ठाची मांडणी सांगता येते, मात्र तिच्यात अटी व आवर्तने लिहिता येत नाहीत. म्हणून ती सामान्यतः प्रोग्रॅमिंग भाषांत गणली जात नाही. अधिक भाषांची नावे म्हणजे अधिक प्रावीण्य, हाही गैरसमज आहे. चल, अट, आवर्तन आणि फलन या संकल्पना एका भाषेत पक्क्या झाल्यास दुसरी भाषा शिकण्याचे श्रम पुष्कळ कमी होतात. आपण एखाद्या भाषेत पुस्तक न पाहता काय लिहू शकतो आणि कोणती चूक स्वतः दुरुस्त करू शकतो, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रमाणपत्रापेक्षा प्रावीण्याची अधिक विश्वसनीय कल्पना देतात.