मावशी, अजून थोडं वाढा!

आमच्या शिराळ्यात वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलासा का?" कोरियातही माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली अशीच विचारतात. त्यांच्या भाषेत 'बाप' म्हणजे शिजवलेला भात आणि जेवणही 'बाप'च. 'भात खाल्लास का?' म्हणजेच 'बरा आहेस ना?' पुण्यातल्या माझ्या आवडत्या कोरियन खानावळीत हे कळलं आणि ते ठिकाण परकं वाटेनासं झालं.

पुण्यात कोरियन जेवण आलं ते कारखान्यांमागोमाग. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं 2023 साली केला. रायगडात माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा पोलादाचा कारखाना आहे. अशा कारखान्यांसाठी घरापासून हजारो किलोमीटर दूर आलेल्या कोरियन माणसांना संध्याकाळी घरचा भात हवा असतो. नगर रस्त्याच्या बाजूची ही छोटी खानावळ त्यांच्यासाठीच चालते. कोरियन गिऱ्हाईक तिथल्या मालकीणबाईंना 'इमो' म्हणून हाक मारतं. इमो म्हणजे आईची बहीण. आपण तरी खानावळीत वाढणाऱ्या बाईला मावशी सोडून दुसरं काय म्हणतो?

गेल्या वर्षी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथं घेऊन गेलो. शिराळा म्हणजे सांगली जिल्ह्यातलं भाताचं आगार. मे महिन्याच्या अखेरीस कोरड्या मातीत कुरीनं धूळवाफ पेरणी करून पावसाची वाट बघण्यात आबांचा जन्म गेला. भाताच्या बाबतीत त्यांना फसवणं अवघड.

भात आणि तोंडी लावणं

मावशींनी भाताची वाटी दोन्ही हातांनी आबांच्या पुढ्यात ठेवली. थोरांना काही द्यायचं ते दोन्ही हातांनी आणि थोरांनी चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी जेवायला लागायचं नाही, ही तिथली रीत. मग सहा-सात लहान वाट्या आल्या: मुळ्याच्या फोडी, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेली कडधान्यं, काकडी आणि लालभडक किमची. याला 'बानचान' म्हणतात. आपल्या भाषेत तोंडी लावणं. वाटी संपली की बहुधा पुन्हा भरून मिळते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आबांनी भाताचं शीत बोटांनी दाबून पाहिलं. "आखूड दाणा. चिकट हाय." चिकट असतो म्हणूनच तो धातूच्या काड्यांनीही उचलता येतो. पण कोरियन माणूस भात आणि रस्सा खातो चमच्यानंच, काड्या तोंडी लावण्यापुरत्या. तांदळाला ते 'स्सल' म्हणतात, असं सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "म्हंजी आपली साळच की!" दोन्ही शब्दांचं नातं असेलच असं नाही, पण त्या एका शब्दानं आबा त्या टेबलाशी सैलावून बसले.

बरणीतलं कसब

किमची करताना कोबीसारखी लांबट चिनी भाजी मिठात मुरवून धुतात. मग पानापानात मिरचीपूड, लसूण, आलं, मुळा आणि मुरवलेल्या मासळीचा खार भरून ती आंबवतात. दह्यात असतात तसल्याच जातीचे जिवाणू तिला आंबटपणा आणतात. ताजी मुरलेली किमची जिभेवर किंचित चुरचुरते ती आंबताना तयार झालेल्या वायूमुळं. पूर्वी हिवाळ्याआधी शेजारणी एकत्र बसून हिवाळाभराची बेगमी करत आणि मडकी जमिनीत पुरत. आपल्याकडं उन्हाळ्यात कुरडया-सांडग्यांना आळी गोळा होते तसंच हे. किमचीच्या या सामूहिक रिवाजाला 2013 साली युनेस्कोनं मानवी वारशाच्या यादीत घेतलं. यातली मिरची मात्र त्यांचीही नाही नि आपलीही नाही. ती अमेरिका खंडातून निघाली आणि साधारण सोळाव्या शतकात दोन्हीकडं पोचली.

सोयाबीनची चव

शेवटी काळ्या मातीच्या भांड्यात रटरटत 'त्वेनजांग जिगे' आलं. टोफू, बटाटा आणि भाजी घातलेला दाट रस्सा. आबांनी दोन चमचे घेतले आणि विचारलं, "कशाचं हाय हे?"

"सोयाबीनचं, आबा."

आबा थांबले. भाताइतकंच सोयाबीन आमच्या शिवारात पिकतं. मळणी झाली की पोती थेट व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात आणि पुढं तेलगिरणीत. घरच्या चुलीवर ते कधी चढलंच नाही.

मग मी त्यांना सगळी रीत सांगितली. सोयाबीन शिजवून कांडायचं, त्याच्या विटा थापायच्या, भाताच्या काडानं बांधून टांगायच्या. त्या काडातले जिवाणू विटांमध्ये शिरतात आणि त्या आंबायला लागतात. पुढं या विटा मिठाच्या पाण्यात मातीच्या रांजणात महिनोन् महिने मुरतात. वरचं पाणी म्हणजे सोया सॉस आणि खालचा गाळ म्हणजे ही त्वेनजांग. 2024 साली या कलेलाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

"काड आपलं, सोयाबीन आपलं," आबा हळू म्हणाले. "एवढी वर्सं पेरलं. चव आज कळली."

मला त्या जेवणानं दिलेली गोष्ट हीच. पीक विकून पैसा हातात येतो, पण ते मुरवण्याचं कसब ज्या घरात टिकतं, तिथंच त्याची चव राहते.

जाण्यापूर्वी

शाकाहारी असाल तर आधी विचारा. किमचीत मासळीचा खार आणि रश्शाला सुक्या मासळीचं पाणी असू शकतं. सांगितलं तर बिबिम्बाप, म्हणजे भातावर भाज्या आणि मिरचीची गोडसर चटणी, बिनमांसाचं मिळतं. गरम दगडी वाडग्यात मागवा. कालवण्याआधी थोडं थांबा, म्हणजे तळाला भाताची खरवड धरते. ती खरवडून खाण्यात कोरियन आणि शिराळकर दोघंही पटाईत.

आबांचा फोन अजूनही रोज रात्री येतो. पहिला प्रश्न तोच, "जेवलास का?"

"जेवलो, आबा. मावशीकडं."

"सोयाबीनचं व्हतं का?"